सुखदेवच्या वहीतला चौथा रकाना

सरांनी सुखदेवला फसवलं. त्याची पायपीट, त्याचं डोकं आणि त्याची वही घेतली आणि छापताना त्याचं नाव गाळलं. सरांनी मलाही फसवलं, पण ते नंतर. तोवर मी सुखदेवला विकून मोकळा झालो होतो, म्हणून माझी तक्रार आजवर कुणी पुरती ऐकून घेतलेली नाही. बायको म्हणते, "चोराच्या घरी चोरी झाली तर त्यानं बोंब मारायची नसते." मारायची असते. मी मारणार आहे. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा भाव करून घेतला, एक पै कुणाला जास्त दिली नाही, आणि जो एकच सौदा मला परत फिरवता आला असता तर बरं झालं असतं, तोच फिरत नाही.

आमचं घर पैठण रस्त्याच्या आत, चितेगावच्या अलीकडं. आम्ही धनगर. घर म्हणजे दगडमातीच्या दोन खोल्या, आणि पुढं काट्यांच्या कुंपणातली मेंढरं. मायच्या हातात कायम चाती असायची; बोलताना, भांडताना, भाकरी भाजायच्या मधल्या वेळातसुद्धा ती लोकर कातायची. घराला, अंथरुणाला, माझ्या पुस्तकांनासुद्धा लोकरीचा वास. कॉलेजात पहिल्या बाकावर बसलो की मागची पोरं "बँ" करायची. खायला बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, आणि थंडीत हुलग्याचं माडगं. ते माडगं शिजताना जो रटरट आवाज यायचा, तो अजून कानात आहे. सकाळी आठला नव्या कारखान्याचा भोंगा व्हायचा. पहिल्या वर्षी मेंढरं त्या आवाजानं बुजून एकावर एक चढायची. दुसऱ्या वर्षी नुसती मान वर करून बघायची. तिसऱ्या वर्षी बघायचंही सोडलं. आबा, म्हणजे माझे वडील, म्हणायचे, "मेंढरू माणसापेक्षा शानं हाय. ज्याचं काय करता येत नाय, त्याच्याकडं बघत बसत नाय." तोवर चराईच्या निम्म्या माळाला कारखान्यांच्या तारा लागल्या होत्या.

मी कॉलेजात गेलो ते भांडून आणि भूगर्भशास्त्राला गेलो ते तिथं जागा रिकाम्या होत्या म्हणून. दगडांचं मला काही प्रेम नव्हतं. मला नोकरी हवी होती, टेबल आणि पंखा असलेली. सुखदेवचं तसं नव्हतं. त्याचे आईवडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायचे. गावकुसाबाहेरच्या वस्तीतलं पोरगं, अंगानं काटकुळं, पण हसायला लागलं की अख्खा वर्ग त्याच्या मागं हसायचा. तो म्हणायचा, "माय दगड फोडती, मी त्याचं नाव-गाव इचारतो. एवढाच फरक." मला तो 'मेंढक्या' म्हणायचा. मी त्याला 'खडीवाले' म्हणायचो. आमची दोस्ती अशी होती.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी आमच्या मार्गदर्शक सरांनी कामं वाटून दिली. मला मिळाला गाळ. पैठणच्या धरणाच्या फुगवट्यातलं पाणी हटलं की काठावर उघड्या पडलेल्या चिखलात लोखंडी नळी ठोकायची, ती उपसून काढायची आणि आत साचलेल्या मातीचे थर मोजायचे. सुखदेवला मिळाली धार. आमच्या घरामागून काळ्या दगडाची एक रांग जात होती, कमरेएवढ्या भिंतीसारखी, जणू कुणी बांधून सोडून दिलेली. आमच्याकडं तिला धार म्हणत. आमच्या पुस्तकात तिला डाइक म्हणत. जमीन फाटली, खालून तापलेला रस त्या फटीत वर आला आणि तिथंच थिजला. बाजूचा ठिसूळ खडक झिजून गेला, ती भिंत उरली. अशा भिंतीला जमिनीखालचं पाणी अडतं. जुन्या नकाशात ही धार दोन मैलांवरच्या ओढ्यापाशी संपत होती. ती खरंच तिथं संपते का, एवढं सुखदेवनं बघायचं होतं.

तो आमच्या घरी राहायला आला. येताना स्वतःचा अॅल्युमिनियमचा मग घेऊन आला आणि मायनं काही बोलायच्या आधीच म्हणाला, "माय, पानी ह्याच्यात वता. तुमाला अडचण नको." मायनं वरून पाणी ओतलं. मी बघत उभा होतो. मला लाज वाटली असं आज लिहिणं सोपं आहे. खरं सांगायचं तर मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं होतं, की प्रश्न न भांडता मिटला.

आबा आणि त्याची मात्र पहिल्याच दिवशी गट्टी जमली. आबांच्या काठीच्या टोकाला लोखंडी सांबी होती. ते ती दगडावर आपटायचे आणि कान द्यायचे.

"ऐक. कसं वाजलं?"

"खणकन."

"आता दोन पावलं सरक. हितं?"

"बद्द वाजतंय, आबा."

"हां. म्हंजे धार मागं राहिली. तुजं ते घड्याळ काय म्हनतंय?"

घड्याळ म्हणजे सुखदेवच्या हातातलं होकायंत्र. त्यानं बघितलं, हसला. "घड्याळ तुमचंच आयकतंय."

ओढ्यापर्यंत हे चाललं. ओढ्यापलीकडं काळी जमीन, माणूसभर खोल. तिथं काठी काय वाजणार? चार दिवस सुखदेव बांधाबांधानं फिरला आणि तोंड पाडून परत आला. त्या संध्याकाळी माडगं पीत आबा सहज बोलत होते. सुगी झाली की शेतकरी धनगराला बोलावतात, रात्रभर शेतात मेंढरं बसवायला. लेंड्या-मुताचं खत होतं, आम्हाला धान्य मिळतं. सगळं शेत काही हलकं नसतं. जो पट्टा हलका, तिथंच बसवून घेतात. आबा बोटांवर मोजत सांगत होते, अमक्याच्या रानात विहिरीच्या खालच्या अंगाला, तमक्याच्या रानात बाभळीपासून चिंचेपर्यंत, "दर साली तीच जागा, बाबा. तिथली ज्वारी आधी पिवळी पडती. किती बी खत घाला, पुढल्या साली हायेच."

सुखदेवनं हातातला मग खाली ठेवला. "आबा, हे परत सांगा. सावकाश."

त्यानं वही उघडली आणि आबा बोलतील तशा जागा नकाशावर टिंबं देऊन मांडत गेला. मी कंदिलाची वात वर केली. टिंबं एका रेषेत आली. ओढ्यापासून सरळ, काळ्या जमिनीखालून, थेट धरणाच्या पाण्यापर्यंत. जिथं माती पातळ होती, तिथं पीक आधी सुकत होतं. माती पातळ होती कारण खाली धार होती. माझे आबा तीस वर्षं मेंढरं घेऊन त्या धारेच्या माथ्यावर झोपत आले होते आणि हे त्यांनाही माहीत नव्हतं.

"मेंढक्या," सुखदेव मला म्हणाला, "तुज्या मेंढरानं नकाशा काढला की रे."

पुढचे पंधरा दिवस त्यानं एकेक जागा तपासली. रेषेच्या वरच्या अंगाच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी, खालच्या अंगाच्या कोरड्या. सगळं जुळलं. त्याच्या वहीला चार रकाने होते. जागा, खडक, मोजमाप, आणि चौथा, 'कोणी सांगितलं'. असा रकाना आम्हाला कुणी शिकवला नव्हता, तो त्याचा स्वतःचा. त्यात विहीर खणणाऱ्यांची, शेतकऱ्यांची, पाणी भरणाऱ्या बायांची नावं होती, वडलांच्या नावासकट. आबांचं नाव तर पानोपानी. आबा म्हणाले, "माजं नाव कशापायी लिवतो? मी काय साहेब हाय का?" तो म्हणाला, "तुमी सांगितलं म्हनून." मी त्याची टिंगल केली होती, की ही वही आहे का मतदारयादी.

तो निघाला त्या दिवशी मायनं घरातल्या पितळी तांब्यातून दूध आणलं आणि तांब्याच पुढं केला. तो हसला. "राहू द्या माय, आता मगाचीच सवय झाली." ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली. नंतर कित्येक वर्षं ती मधूनच म्हणायची, "त्या पोरानं तांब्या घ्यायला पायजे व्हता." मी म्हणायचो, "तू आधी द्यायला पायजे व्हता." हे मी तिला म्हणायचो, हेही माझ्या खात्यावर लिहून ठेवा.

शहर तेव्हा नामांतरानं पेटलं होतं. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारे एका बाजूला, बदलू नका म्हणणारे दुसऱ्या. भिंती दोन्हींच्या घोषणांनी भरलेल्या. मी कुणाच्याच बाजूला नव्हतो आणि ते मला शहाणपण वाटत होतं. मोर्चाच्या सकाळी सुखदेव मला क्रांती चौकात भेटला. खताच्या पिशवीतल्या प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली वही त्यानं माझ्या हातात दिली.

"सांभाळ. वली करू नको. चार दिसात येतो."

मी वैतागलो होतो. "कशाला जातो रे? महिनाभरात प्रबंध द्यायचाय. नावानं काय व्हतंय? इमारत तीच, मास्तर तेच."

"काय नाय व्हत? मग आजपासनं हजेरीतनं तुजं नाव काढून टाकू? बसायला बाक तर तोच ऱ्हाईल की."

आणि हसत गर्दीत शिरला. त्या दिवशी धरपकड झाली, त्यात तो सापडला. सुटायच्या आतच त्याच्या गावात त्यांची वस्ती जाळली. तो सुटला तो थेट तिकडं गेला. आईवडलांना घेऊन कुठल्या नातेवाइकाच्या दारात राहिला होता, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पत्र नाही, निरोप नाही. खरं म्हणजे मी शोधलंही नाही. एसटी चालू झाल्या होत्या. तिकीट काही फार नव्हतं.

सरांनी मला घरी बोलावलं. चहा दिला, आणि बशीत बिस्किटं. मास्तराच्या घरी बिस्किटं मिळाली की समजावं, काहीतरी विकत घ्यायचंय. मी धनगराचा पोरगा, बाजारात वाढलेला, मला ते लगेच कळलं. सर म्हणाले, "पैठण रस्त्यावर एक नवीन कारखाना येतोय. त्यांना पाण्याची जागा हवी आहे, सल्लागार मी आहे. धारेचं काम त्यांना महिनाअखेर हवं. वही तुझ्याकडे आहे असं ऐकतो."

"वही सुखदेवची हाय, सर."

"आहे ना. कोण नाही म्हणतंय? पण तो कुठे आहे? हजेरी नाही म्हणून त्याचं नाव पटावरून गेलंय. विद्यार्थीच नाही तो आता. शोधनिबंध अडकेल. तुझंही त्यात नाव येऊ शकतं. गाळाचं तुझं काम मी त्यातच घेतो."

आणि मी भाव करायला बसलो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचं धडपं हातावर टाकायचं आणि त्याच्याखाली घेणाऱ्या-देणाऱ्यानं एकमेकांची बोटं दाबायची. मधला माणूस आरडाओरडा कितीही करो, खरा आकडा त्या कापडाखाली ठरतो, आणि बाहेर उभ्या असणाऱ्याला काही कळत नाही. सरांच्या दिवाणखान्यात धडपं नव्हतं, एवढंच. मी म्हणालो, तीन नावं, सुखदेवचं पहिलं. सर म्हणाले, अशक्य. मी म्हणालो, दुसरं. सर हसले, बिस्किटाची बशी माझ्याकडं सरकवली. मी टेबलावर हात आपटून म्हणालो, तिसरं तरी, नाहीतर वही देत नाही. सर म्हणाले, "मग राहू दे. मी दुसऱ्या मुलाकडून धार पुन्हा मोजून घेतो. तुझ्या शिफारसपत्राचं मात्र मला सांगता येणार नाही." मला तेव्हा हे सुचलं नाही की मोजून कोण घेणार? आबांशी बोलल्याशिवाय ती रेषा कुणालाच सापडणार नव्हती. माल माझ्या हातात होता आणि घाई त्यांना होती. बाजारातलं शेंबडं पोरगंसुद्धा अशा वेळी उठून चालू लागतं. मी बसून राहिलो. शेवटी ठरलं ते असं: लेखक म्हणून सर आणि मी, शेवटी जिथं आभार मानतात, तिथं सुखदेवचं आणि आबांचं पूर्ण नाव. मी वही दिली. पायऱ्या उतरताना मला वाटत होतं, मी दोघांसाठी काहीतरी झगडून मिळवलं.

घरी आल्यावर छाती फुगवून आबांना सांगितलं. ते मेंढीच्या खुरातला काटा काढत होते. मान वर न करता म्हणाले, "जनावर कुनाचं व्हतं?"

त्यांनी काटा उपटून बाजूला टाकला.

"धडप्याखाली हात घालताना मालकाचा हात जनावराच्या पाठीवर लागतो, बिरू. मालक न्हवता, तर सौदा कशाचा केलास?"

त्या दिवसापासून आबांनी माझ्यासोबत बाजारात जाणं बंद केलं. बोलायचे, जेवायचे, पण बाजाराला एकटे जायचे.

निबंध छापून आला. दोन नावं. आभारात कारखान्याचे आभार, जीपबद्दल. खाली एक ओळ, 'स्थानिक मेंढपाळांचे सहकार्य लाभले.' सुखदेव नाही. आबा नाहीत. मी त्याच पावली सरांकडं गेलो आणि इतका ओरडलो की शेजारचे लोक दारात आले. सर शांतपणे म्हणाले, "जागेअभावी छापणाऱ्यांनी कापलं असेल. आणि आवाज खाली." मी कपबशी फोडली. वही परत मागितली. म्हणाले, शोधून ठेवतो. आणि मग त्यांनी ड्रॉवरमधून लिफाफा काढला, माझं शिफारसपत्र. ते मी फाडून तोंडावर फेकलं असं लिहायला मला फार आवडेल. मी ते खिशात घातलं आणि मग शिव्या देत बाहेर पडलो.

सुखदेव पावसाळ्याच्या तोंडाला आला. विभागाच्या व्हरांड्यात उभ्या उभ्याच त्यानं निबंध वाचला, पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. मी त्याचं तोंड सुटायची वाट बघत होतो. मारलं असतं तरी चाललं असतं.

"आबांचं नाव तरी टाकायचं रे," तो म्हणाला. एवढंच. मग, "वही?"

"सरांकडं हाय."

तो सरांकडं गेला आणि पाच मिनिटांत बाहेर आला. "कुठली वही, म्हनत्यात." प्रबंधाला वही नाही, हजेरी नाही, पदवी गेली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात तो पाळीवर लागला आणि निवृत्त होईपर्यंत तिथंच राहिला. माझं नशीब त्या कागदावर फळफळलं. समुद्राच्या तळाचा अभ्यास करणाऱ्या जहाजावर मला नोकरी मिळाली, कारण निबंधात माझा गाळ होता आणि सरांची धार होती. पुढं नोकरी सोडून वाळूजला स्वतःचा कारखाना टाकला, तळातला गाळ काढायच्या नळ्या बनवायचा. कुणाचा रुपया न घेता उभा केला, हे मी सगळ्यांना सांगतो. पाया कुणाचा, ते सांगत नाही.

जहाजावर नळी समुद्राच्या तळात जायची आणि माणसानं कधी न पाहिलेला चिखल घेऊन वर यायची. राखाडी, थंड, त्यात सुईच्या टोकाएवढे शंख. नळी आडवी ठेवून पहिलं काम काय, तर तिच्यावर जागा, खोली, वेळ आणि काढणाऱ्याचं नाव लिहायचं. खलाशाचंसुद्धा. पहिल्यांदा मी ते लिहायला बसलो तेव्हा माझा हात थांबला. बरोबरचा अधिकारी म्हणाला, काय झालं, नाव विसरलास? एकदा त्यानं मला विचारलं होतं, धार काळ्या जमिनीखाली शोधायची ही मेंढरांची युक्ती कुणाची? चारी बाजूंना पाणी, ऐकणारं कुणी नाही. मी म्हणालो, "माझी."

पुढं विद्यापीठाचं नाव बदललं. फार वर्षं लागली, फार घरं उद्ध्वस्त झाली. मी तेव्हा जहाजावरून रजेवर आलो होतो. क्रांती चौकात सुखदेव पेढ्यांचा पुडा घेऊन उभा होता, केस पिकलेले, येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा देत. मलाही दिला. "घे मेंढक्या. झालं का न्हाय नाव?" मी पेढा घेतला. आबा जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी कसाबसा निबंधाचा विषय काढला, माफी मागायला लागलो, तर त्यानं हात वर केला. "आज नगं. आनि मला माफी नगं. इद्यापीठाचं आमी बघितलं. निबंधातल्या नावाचं तेवढं एक तू बघ."

ते मी अजून बघतोच आहे. सर, तुम्हाला मी चार पत्रं लिहिली. पहिल्या तिन्हींना उत्तर नाही. चौथ्याला तुमच्या सत्काराची छापील निमंत्रणपत्रिका आली, तीत 'धारेचे संशोधक' असं तुमच्या नावाखाली होतं. मी सत्काराला आलो नाही, कारण आलो असतो तर खुर्च्या मोडल्या असत्या आणि लोक म्हणाले असते, हा माणूस पहिल्यापासूनच तापट. माझा गुन्हा मी इथं माझ्या नावानिशी लिहिला आहे. आता तुमचा तुम्ही लिहा. ओढ्यापलीकडची रेषा कुणी शोधली? कुणाच्या सांगण्यावरून? ती वही तुमच्या कोणत्या कपाटात आहे? तुमची प्रकृती बरी नसते असं ऐकतो. माझीही नसते, म्हणून उशीर करू नका. उत्तर मला पाठवू नका. सुखदेवला पाठवा, आणि पाकिटावर त्याचं नाव पूर्ण लिहा, वडलांच्या नावासकट. वडलांचं नाव आठवत नसेल, तर विचारा. आम्ही अजून जिवंत आहोत.